पाच लाल, एक काळी

माझा सगळा जन्म वायरीत गेला. नागापूरच्या एमआयडीसीत कारखान्यांना लागणारी विजेची पॅनेलं आम्ही बनवतो. पॅनेल म्हणजे माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट आणि त्याच्या पोटात शेकडो वायरी. कुठली वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. बायको म्हणते, तुम्हाला वायरींशी बोलता येतं, माणसांशी नाही. ती हे चिडून म्हणते, आणि ते खरं असल्यामुळे मी तिच्यापेक्षा जास्त चिडतो.

तात्या, म्हणजे माझे वडील, मूळचे शनिशिंगणापूरचे. तीस वर्षं ते तिथून एसटीनं नागापूरला यायचे आणि एका प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या मशिनीपुढे उभे राहायचे. त्या दणक्यांनी त्यांचे कान गेले. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मी त्यांना आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. एक खोली त्यांना दिली, टीव्हीही तिथेच लावला. कानाचं मशीन घेऊन दिलं, ते आठ दिवसांत टेबलाच्या खणात गेलं. "कानात माशी शिरल्यावानी वाटतं," म्हणाले. तेव्हापासून टीव्हीचा आवाज असा असायचा की खालच्या मजल्यावरच्या बाई मालिका न बघताच तिची गोष्ट माझ्या बायकोला सांगायच्या.

मुलगी बारावीला. तिची आणि आजोबांची खोली भिंतीला भिंत लागून. तक्रार कुणी उघड करत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण घरात प्रत्येकजण दिवसभर काहीतरी गिळत होता.

त्या गुरुवारी मी कामावरून आलो तो आधीच तापलेला. एका पॅनेलची तपासणी फसली होती आणि साहेबांनी चारचौघांत झापलं होतं. घरात पाय टाकला तर तात्यांच्या खोलीतून मालिकेतली सासू किंचाळत होती, मुलगी कानांत बोटं घालून पुस्तकापुढे बसली होती, आणि बायको माझ्याकडे नुसती बघत होती. मी तात्यांच्या खोलीचं दार ओढलं. ते वाऱ्यानं उघडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा मी ते ओढून बाहेरून कडी घातली आणि अंघोळीला गेलो.

आमच्या गावात घरांना चौकट असते, दार नसतं. शनिदेवाच्या भरवशावर गाव झोपतं. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावायची. आलेला माणूस बाहेरून हाक मारतो, आतला ओ देतो. मीही त्याच घरात वाढलो, पण शहरात येऊन मला कड्या घालायची सवय लागली. तात्यांना नाही लागली. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी आपल्या खोलीचं दार एकदाही लोटलेलं नव्हतं. आपल्याच माणसांच्या घरात आतून दार वाजवायचं, हे त्यांच्या हाताला सुचलं नसणार. त्यांनी ओढून पाहिलं असेल, मग हाका मारल्या असतील. टीव्हीच्या आवाजात त्या हाका आमच्यापर्यंत आल्या नाहीत. पाऊण तासानं बायको चहा घेऊन गेली तेव्हा तात्या दाराच्या आत उभे होते. त्यांचं धोतर ओलं झालं होतं.

त्यांनी धोतर बदललं, ओलं धोतर स्वतः धुऊन वाळत घातलं, आणि टीव्हीचा रिमोट आणून माझ्या हातात दिला. मग गावाकडच्या शेजाऱ्याला फोन लावून, त्यांच्या सवयीनं ओरडतच, म्हणाले, "आयतवारी नगरला येनार हाय ना तू? मंग सांच्याला पाचला मला घिऊन जा. न्हाई, परत न्हाई यायचं."

गावात आमचं घर दोन वर्षं रिकामं होतं. समोरून देवाला येणाऱ्यांच्या गाड्या दिवसभर वाहतात. आई होती तोवर ती त्यांचा हात धरून रस्ता ओलांडायची. आई गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका जीपनं त्यांना कोपरापाशी घासलं होतं, हॉर्न ऐकू आला नाही म्हणून. म्हणून तर मी त्यांना आणलं होतं. आता ते परत गेले तर एक दिवस मला तसाच फोन येणार आणि या वेळी नुसतं कोपर नसणार, याची मला खात्री होती.

माफी मागायची होती, दुसरं काही नाही. शुक्रवारी मी दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा "चहा टाकू का?" एवढंच विचारून परत आलो. त्यांनी मान हलवली, तीही माझ्याकडे न बघता. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचार केला. भांडण आवाजाचं आहे, तर आवाज दुरुस्त करू. आवाज दुरुस्त झाला की जाण्याचं कारणच उरणार नाही.

शनिवारी आमची सुट्टी असते. सावेडीच्या एका दुकानात जाऊन मी उभा राहिलो. विक्रेत्यानं आधी टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी दाखवली. "साहेब, हीच घ्या. एक वायर लावली की झालं."

"हिच्यात फक्त माणसांचं बोलणं वाढवता येतं का? मागचं संगीत तेवढंच ठेवून?"

"येतं की थोडंफार."

"थोडंफार नको."

मग त्यानं मला आतल्या काळोख्या खोलीत नेलं आणि होम थिएटरचे तीन रिसीव्हर दाखवले. रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज आत घेऊन पाच स्पीकरांना वाटून देणारा डबा. त्यानं लगेच विमानांची लढाई लावली. खुर्ची हादरली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी आता वा म्हणेन म्हणून.

"बातम्या लावा," मी म्हणालो.

"बातम्या?"

"हो. आणि दोन मिनिटं थांबा." मी खिशातून कापूस काढून दोन्ही कानांत गच्च कोंबला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. कापसानं बहिरेपण कळत नाही, हे मला माहीत होतं. पण दुसरं करणार काय? मी तिन्ही डब्यांवर तीच बातमी ऐकली. एकात निवेदिका हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखी. दुसऱ्यात नुसती सळसळ. तिसऱ्यात मात्र, कापसातूनही, धरणातून पाणी कधी सोडणार ते मला अक्षर न् अक्षर कळलं. त्या डब्यात पाचही स्पीकरांचा आवाज वेगवेगळा लावता येत होता. बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, बाकी गोंधळ बाजूच्या चारांतून. मधला वाढवायचा, चार कमी करायचे.

"मधला टीव्हीखाली ठेवायचा बरं का," तो म्हणाला.

"आणि माणसाच्या कानाजवळ स्टुलावर ठेवला तर?"

त्यानं डोकं खाजवलं. "ठेवा की. कंपनी काय बघायला येतीय?"

पैसे देताना मी घुटमळलो. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, हे तात्यांच्या रक्तात. त्यांच्यासाठी आणलेल्या डब्याला त्यांनी हातही लावला नसता. मी काही बोलायच्या आत विक्रेताच म्हणाला, "आज शनिवार ना? बिल आज करतो, माल उद्या सकाळी पाठवतो. जोडायला आमचा माणूस मंगळवारी येईल."

मंगळवार! "मीच जोडतो," मी म्हणालो. "माझा धंदाच तो आहे."

"पुस्तक बघून जोडा पण," तो म्हणाला. मला त्याचा राग आला.

रविवारी खोकी यायला साडेअकरा वाजले. तात्यांनी पिशवी भरली होती. दोन धोतरं, सदरे, औषधं, आईचा फोटो. पिशवी मांडीवर घेऊन ते आपल्या खोलीतल्या खुर्चीवर बसले होते. मी खोकी आत आणली तेव्हा त्यांनी फक्त पाय मागे घेतले. पाचला गाडी येणार होती. माझ्याकडे साडेपाच तास होते, आणि मी स्वतःला सांगितलं की लागतील तीनच.

दुकानदारानं दुपदरी वायरीचं भेंडोळं दिलं होतं, लाल आणि काळी एकमेकींना चिकटलेली. असली लेचीपेची वायर मी वापरणार? मी माझ्या पेटीतली चांगली तांब्याची वायर काढली. पाच स्पीकर, प्रत्येकाची दोन टोकं. पाच लाल वायरी मी प्रत्येक स्पीकरकडे वेगळ्या नेल्या, भिंतीच्या कडेनं, सरळ रेषेत, हातभर अंतरावर क्लिप मारत. पाच काळ्या न्यायची मात्र गरज वाटली नाही. पॅनेलमध्ये न्यूट्रल एकच असतं. सगळ्यांचा परतीचा रस्ता एका पितळी पट्टीवर आणतात, मी हजारो वेळा आणलाय. म्हणून एकच काळी वायर एका स्पीकरवरून दुसऱ्यावर फिरवत आणली आणि रिसीव्हरच्या मागच्या पाचही काळ्या टोकांना पट्टीवर एकत्र बांधलं. प्रत्येक टोकाला नंबर. दोन वाजले. काम इतकं देखणं झालं होतं की साहेबाला आणून दाखवावं.

बायको जेवायला बोलवायला आली. "अहो, चार घास तरी खा."

"थांब, आता लावतोच."

मी बटण दाबलं. निळी अक्षरं उजळली. आत टक् असा आवाज झाला आणि अक्षरं विझली. मग एकच शब्द लुकलुकायला लागला, प्रोटेक्ट, म्हणजे काहीतरी चुकतंय म्हणून डब्यानं स्वतःच स्वतःला बंद केलं होतं. पुन्हा दाबलं. टक्, प्रोटेक्ट. प्लग काढला, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा लावला. टक्. माझ्या मानेवरून घाम वाहायला लागला. तात्या बघत होते. त्यांना तो टक् ऐकू येत नव्हता, पण माझं तोंड दिसत होतं.

मी दुकानात फोन लावला. "शॉर्ट असणार कुठंतरी," विक्रेता म्हणाला. "वायरिंग कुणी केलं? तुम्हीच? साहेब, आता परत परत चालू करू नका. आतलं काही उडालं तर ते गॅरंटीत बसत नाही."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी एकेक वायर मीटरनं तपासली. प्रत्येक बरोबर. नंबर बरोबर, स्क्रू घट्ट, एक तार सुटलेली नाही. पुन्हा तपासली. तीन वाजून गेले. मुलगी दारात येऊन बघून गेली. बायको म्हणाली, "त्यांच्याशी बोला ना हो, त्या डब्याशी काय बोलताय?" मी तिच्यावर खेकसलो. नंतर मला त्याची लाज वाटली, पण त्या क्षणी मला फक्त घड्याळ दिसत होतं.

मी फरशीवर डोकं धरून बसलो होतो तेव्हा मागून आवाज आला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"जाताना पाच लाल जात्यात," तात्या म्हणाले. "परत येती ती काळी येकच."

मी वळलो. ते खुर्चीतून वाकून वायरींकडे बघत होते.

"तात्या, न्यूट्रल एकच असतं," मी ओरडून सांगितलं.

"तुज्या कपाटाचं असंल. ह्येच्या पुस्तकात काय दावलंय?"

पुस्तक अजून प्लॅस्टिकमध्येच होतं. मी ते दातांनी फाडलं. चौथ्याच पानावर चित्र होतं. प्रत्येक स्पीकरची लाल वेगळी, काळी वेगळी. आणि त्याखाली दुसरं चित्र, काळ्या टोकांना एकत्र बांधलेलं, अगदी माझ्यासारखं, त्यावर ही एवढी मोठी फुली. शाळेतल्या पोरानं नुसतं चित्र बघून जोडलं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही खोटं नाही.

चार वाजत आले होते. मी पक्कड घेतली आणि तो देखणा काळा रस्ता कापून टाकला. दुकानदाराचं भेंडोळं उघडलं. पाचांना वेळ नव्हता, म्हणून पुढचे दोन आणि मधला, तीनच जोडले. मधला स्पीकर तात्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर, त्यांच्या कानाच्या उंचीला ठेवला. तात्या न सांगता खुर्चीसकट थोडे सरकले. साडेचार. मी बटणावर बोट ठेवलं आणि मला दाबवेना. आतलं उडालं असलं तर?

"दाब की," तात्या म्हणाले.

टक्. अक्षरं उजळली आणि तशीच राहिली. मी बातम्या लावल्या, मधला वाढवला, बाजूचे जवळजवळ बंद केले. निवेदक बोलायला लागला, आपण समोरच्याशी बोलतो तेवढ्याच आवाजात. तात्यांचं डोकं हळूच स्टुलाकडे कललं. मग ते स्थिर झाले. निवेदक भंडारदऱ्याच्या पाण्याबद्दल सांगत होता आणि तात्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, चालू नाही झाला का अजून?"

बायकोनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. गावाकडचा शेजारी पिकअप घेऊन आला होता. हॉर्न तात्यांना ऐकू गेला नसणार, पण त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि पिशवी उचलून उभे राहिले.

"तात्या, आता तर ऐकू येतंय ना?" मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं.

"येतंय की. लई झ्याक झालंय. येकेक शबुद कळतूय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पर मी काय टीव्हीपायी निघालो न्हाई, बाळा."

आणि ते निघाले. बाहेर पडताना त्यांचा हात दारावर टेकला, आधाराला टेकतो तसा, आणि लगेच त्यांनी तो काढून घेतला. मला कडी दिसली. गुरुवारपासून ती तिथेच लोंबत होती. तीन दिवस मी भलतीच वायर तपासत होतो.

"तात्या, माझं चुकलं," मी म्हणालो. अखेर म्हणालो. पण हळू म्हणालो, आणि तात्या पाठमोरे होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

माझ्या हातात अजून स्क्रू-ड्रायव्हर होता. मी दाराच्या वरच्या बिजागरीला भिडलो. स्क्रूंवर रंगाचे थर चढले होते. पहिला हलेचना. मी सगळा जोर लावला, तळहाताची कातडी सोलली, तो फिरला. बायको म्हणाली, "अहो, हे काय करताय?" आणि पुढच्या क्षणाला तिला कळलं, कारण ती धावत येऊन दार धरून उभी राहिली. वरची सुटली. मधली सुटली. खालच्या बिजागरीचा शेवटचा स्क्रू निघाला तसं दाराचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. मी पडणार एवढ्यात कुणीतरी दुसरी कड धरली.

पिशवी जमिनीवर होती. तात्यांनी दोन्ही हातांनी दार पेललं होतं. चपला घालता घालता त्यांनी बायकोला धावताना बघितलं असणार.

"हळू," ते म्हणाले. "पाय संबाळ."

आम्ही दोघांनी ते उचलून हॉलच्या भिंतीला लावलं. तात्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मी ते पुसले नाहीत. शेजारी जिना चढून आला होता आणि काय चाललंय ते न कळून उंबऱ्यात उभा होता.

"आता हे ठेवायचं कुठं?" बायकोनं विचारलं.

तात्यांनी नाक पुसलं. "धाडून द्या गावाला. वट्यावर टाका, बसाया व्हईल."

"शिंगनापुरात दार?" शेजारी म्हणाला. "मानूस न्यायाला आलो आन् दार घिऊन जाऊ? मला गावात शिरू देत्याल का?"

तरी त्यानं नेलं. मी आणि तो, दोघांनी ते पिकअपमध्ये आडवं टाकलं. चहा पिऊन तो गेला. मी वर आलो तेव्हा तात्यांची पिशवी खुंटीला होती, आईचा फोटो टीव्हीशेजारी, आणि मधल्या स्पीकरमधून बातम्या चालू होत्या, हळू. मुलगी पुस्तक छातीशी धरून रिकाम्या चौकटीबाहेर उभी होती. तिनं हाक मारली, फार मोठ्यानं नाही.

"आजोबा, आहात का?"

तात्यांनी टीव्हीवरून मान वळवली.

"हाय की," ते म्हणाले. "ये, आत ये."